कादंबरीकाराचे लेखनसाधन : सोपे कशाला म्हणावे?

(नशिराबाद, जि. जळगाव येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व परिसरातील पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



कादंबरी लिहावयाची आहे, तर संगणकावर त्यासाठी सोपी आज्ञावली, म्हणजे आपण ज्याला सॉफ्टवेअर म्हणतो ते, कोणते घ्यावे? हा प्रश्न आज पुण्यामुंबईतच नव्हे, तर आपल्या गावांतूनही विचारला जातो. विचारणारे बहुधा तरुण असतात. कोणी नुकताच शिक्षक झालेला असतो, कोणी शेती करून रात्री लिहीत असतो. प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर एखाद्या माणसाचे दोनतीन वर्षांचे लेखन टिकणार की वाया जाणार, हे अवलंबून असते. म्हणून आज त्याचा थोडा सविस्तर विचार करावा असे मी योजिले आहे.

खानदेशातील लेखन आणि त्याची साधने

लेखकाला साधन लागते किती, याचे उत्तर आपल्या प्रदेशानेच दिलेले आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. हाताशी कागद आणि लेखणी यापलीकडे काही नव्हते, आणि तरीही पुस्तक पाच दिवसांत लिहून झाले. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली, तीही याच साध्या साधनांच्या काळात. चांगल्या यंत्रावाचून चांगली कादंबरी होत नाही असे जर कोणी म्हणत असेल, तर ही दोन उदाहरणे त्याच्यापुढे ठेवावीत.

पण तिसरे उदाहरण वेगळी गोष्ट सांगते. जवळच्या असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचीत आणि म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती वेळोवेळी उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली ती गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. उतरवून घेतलेली गाणी महाराष्ट्राला मिळाली. जी कोणी उतरवून घेतली नाहीत ती बहिणाबाईंबरोबरच गेली. प्रतिभा तीच, भाषा तीच. फरक पडला तो शब्द दुसऱ्याला वाचता येईल अशा रूपात कोणी जपून ठेवले की नाही, एवढ्याच गोष्टीचा.

लेखनसाधनाची कसोटी येथे सापडते. साधन प्रतिभा देत नाही. ते लिहिलेले जपते आणि दुसऱ्याच्या हाती सुखरूप पोहोचविते. हे काम जे साधन लेखकाला अडथळा न करता पार पाडते, तेच सोपे.

अक्षरांची मोडतोड आणि तिचा परिणाम

देवनागरी अक्षरे यंत्रावर आणताना प्रारंभापासून तडजोड करावी लागली. टंकलेखन यंत्राच्या कळा मोजक्या, आणि आपली जोडाक्षरे अगणित. त्यामुळे अक्षरांचे तुकडे करण्यात आले. अर्धे अक्षर एका कळेवर आणि त्याचा काना दुसऱ्या कळेवर, अशी मांडणी झाली. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण कागदावर आधी दिसते, म्हणून ती आधी उमटवावयाची. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि २००९ साली अशा यंत्रांचे उत्पादन थांबविले. मधल्या अर्धशतकात कचेऱ्यांतील हजारो बोटांना या तुकड्यांचीच सवय लागली.

पुढे संगणक आले तेव्हा हीच सवय त्यांच्यावरही लादली गेली. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले अक्षरसंच तयार झाले. पडद्यावर मराठी दिसे, परंतु संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरेच साठविलेली असत. शिवाय प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी. एका कंपनीच्या अक्षरसंचात लिहिलेला मजकूर तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर उघडला की कादंबरीच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रास दिसे.

या अक्षरसंचांनी आपल्या काळात मोठे काम केले, हे मान्य केले पाहिजे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या साधनांवर कितीतरी मराठी वृत्तपत्रे आणि पुस्तके छापली गेली. परंतु लेखकाच्या दृष्टीने त्यांत एक धोका होता आणि तो आजही संपलेला नाही. १९९५ च्या सुमारास अशा अक्षरसंचात टंकलेली एखादी अप्रकाशित कादंबरी आज जुन्या तबकडीवरून उतरवून घेतली, तरी योग्य अक्षरसंच किंवा रूपांतराची सोय हाती नसल्यास ती वाचता येत नाही. अशी रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र रूपांतरानंतर रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात. ज्यांच्या घरी असे जुने लेखन पडून असेल, त्यांनी हे काम आता लांबणीवर टाकू नये.

अक्षराला मिळालेला कायमचा क्रमांक

या अडचणीतून बाहेर पडण्याचा मार्ग शोधण्यात भारतीय तंत्रज्ञांचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या आयआयटीत १९८० नंतरच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी संशोधन झाले. त्यातून निघालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत वाढले. त्यामागील विचार सरळ होता. संगणकाने अक्षराचा आकार साठवू नये, अक्षर साठवावे. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी, अशा उच्चाराच्या क्रमाने नोंद व्हावी. वेलांटी डावीकडे दाखविण्याचे काम यंत्राने करावे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली या पद्धतीचे मानक निश्चित केले. त्याच वर्षी जगातील लिप्यांना एकाच कोष्टकात बसविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी भारतीय मानकाच्याच १९८८ च्या आराखड्यावर करण्यात आली.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागास १२८ जागा आहेत. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ळ’चा २३५५. नशिराबादेत असो वा न्यूयॉर्कमध्ये, तो बदलत नाही. २००० साली विंडोजच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत देवनागरीची सोय झाली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा अक्षरसंच आला. त्याचे रेखाटन मराठी कवी आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी केले होते. मराठी वळणाचे ‘ॲ’ हे अक्षर तर २००८ साली कोष्टकात स्वतंत्रपणे समाविष्ट झाले.

तेव्हा साधन निवडताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो किमतीचा नव्हे किंवा दिखाऊपणाचाही नव्हे. यात युनिकोड मराठी नीट लिहिता येते काय, हा तो प्रश्न. त्याची परीक्षा कोणालाही करता येईल. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. पहिला स्वयंपाक्याला, दुसरा गुरूला. ‘दऱ्या’ डोंगरातल्या आणि ‘दर्या’ समुद्र. ज्या साधनात हे दोन रकार वेगळे उमटत नाहीत, ते मराठी कादंबरीच्या उपयोगाचे नाही.

कळफलकाचा प्रश्न

पुष्कळ नवोदित लेखक रोमन अक्षरांत शब्द लिहून त्याचे मराठी करून देणारी पद्धत वापरतात. चार ओळींच्या निरोपाला ती पुरेशी आहे. परंतु कादंबरी लाखभर शब्दांची असू शकते. ‘घर’ लिहिण्यासाठी रोमन पद्धतीत चार अक्षरे दाबावी लागतात आणि कित्येकदा समोर येणाऱ्या पर्यायांतून शब्द निवडावा लागतो. ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’, हा निर्णय प्रत्येक वेळी थांबून घ्यावा लागतो. वाक्याचा ओघ तुटतो तो येथे.

याला पर्याय म्हणून भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक आहे. त्याची रचना आपल्या वर्णमालेप्रमाणेच शास्त्रशुद्ध आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्याच कळेवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’, ‘त’च्या कळेवर ‘थ’. ‘र’च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ऱ’ मिळतो आणि ‘आचाऱ्यास’चा प्रश्न सुटतो. ‘घर’ हा शब्द दोन कळांत होतो. हा कळफलक विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत अंतर्भूत असल्यामुळे त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. प्रारंभी काही आठवडे नेटाने सराव करावा लागतो, हे खरे. पण सायकल शिकतानाही गुडघे फुटतातच. एकदा शिकलेले पुन्हा शिकावे लागत नाही, म्हणून अवघड वाटणारा हा मार्गच अखेर सोपा ठरतो.

बोलून लिहिण्याची सोयही आता आहे. गूगलने २०१७ साली ध्वनिलेखनात मराठीचा समावेश केला. टिपणे करण्यासाठी, थकलेल्या डोळ्यांसाठी, वडीलधाऱ्यांच्या आठवणी उतरवून घेण्यासाठी तिचा मोठा उपयोग आहे. विरामचिन्हे आणि परिच्छेद मात्र नंतर स्वतःच नीट करावे लागतात.

कादंबरीची स्वतःची गरज

पत्र, अहवाल आणि कादंबरी यांच्या गरजा सारख्या नसतात. कादंबरीत पात्रे असतात, प्रकरणे असतात, आणि नवव्या प्रकरणातील प्रसंग तिसऱ्यात हलवावा असे लेखकाला मध्येच वाटते. या गरजेतूनच परदेशांत काही आज्ञावल्या जन्माला आल्या. इंग्लंडमधील कीथ ब्लाउंट यांना आपल्या लेखनासाठी मनासारखे साधन मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच स्क्रिव्हनर ही आज्ञावली तयार केली. ती २००७ साली विक्रीस आली. ऑस्ट्रेलियातील कादंबरीकार सायमन हेन्स यांनी वायरायटर नावाची आज्ञावली लिहून लोकांना मोफत दिली. याउलट जॉर्ज मार्टिन यांच्यासारख्या लोकप्रिय अमेरिकन कादंबरीकाराने आपण वर्डस्टार हे फार जुने साधन महाजालाशी न जोडलेल्या संगणकावर वापरतो, असे २०१४ साली जाहीरपणे सांगितले. कारण काय? तर ते साधन त्यांच्या लेखनात लुडबूड करीत नाही. नव्याचा हव्यास आणि सोपेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडील लेखकाने एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. लिबरऑफिस ही २०१० साली सुरू झालेली, विनामूल्य आणि मराठी युनिकोड उत्तम हाताळणारी आज्ञावली पुरेशी आहे. मायक्रोसॉफ्ट वर्ड आधीच असेल तर तेही चालेल. दोहोंत प्रकरणांच्या नावांना शीर्षकाची शैली दिली की बाजूला प्रकरणांची सूची उभी राहते आणि त्या सूचीतूनच एखादे प्रकरण उचलून दुसरीकडे ठेवता येते. पात्राचे नाव अर्ध्यावर बदलले, तर शोध घेऊन सर्वत्र ते बदलता येते. ठराविक मिनिटांनी मजकूर आपोआप जतन होईल अशी व्यवस्था करून ठेवावी. आपल्या भागात वीज कोणाला विचारून जात नाही. ज्याच्याजवळ संगणक नाही, त्याने मोबाइलवर युनिकोडमध्ये एकेक प्रकरण लिहावे आणि सवडीने संगणकावर उतरवावे. अक्षरांचे क्रमांक तेच असल्यामुळे काही बिघडत नाही.

आणखी एक पथ्य सांगतो. लेखनाच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकात, एक वेगळ्या पेन ड्राइव्हवर आणि एक महाजालावर अथवा दुसऱ्या गावातील विश्वासू माणसाकडे. एका घराला आग लागली वा पूर आला, तर तिन्ही प्रती एकदम जाऊ नयेत. मासिक वर्गणी भरून वापरावयाचे साधन घेतल्यास, वर्गणी थांबल्यावर आपले लेखन दुसऱ्या साधनात उघडते काय, हे आधीच पाहून घ्यावे. धान्य आपले असावे आणि कोठाराची किल्लीही आपल्याच हाती असावी.

बोलीखालची लाल रेघ

आता मी ज्या मुद्द्याला सर्वांत अधिक महत्त्व देतो, त्याकडे वळतो. नशिराबादच्या परिसरातील कादंबरी लिहिणारा माणूस आपल्या पात्रांना पुस्तकी मराठी बोलावयास लावणार नाही. येथील शेतकरी ‘मला’ म्हणत नाही, ‘मले’ म्हणतो. ‘होतं’ ऐवजी ‘व्हतं’ म्हणतो. पश्चिमेकडे अहिराणीच्या मुलखात गेले की ‘आहे’च्या जागी ‘शे’ येते. लेवा गणबोली, तावडी, अहिराणी ही आपली धनदौलत आहे. परंतु शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीला ती ठाऊक नसते. ती प्रत्येक बोलीशब्दाखाली लाल रेघ ओढते. ध्वनिलेखन तर त्याहून पुढे जाते. ते प्रमाण मराठीवर बेतलेले असल्यामुळे बोललेला बोलीशब्द बदलून आपल्याला ठाऊक असलेला शब्द मांडण्याकडे त्याचा कल असतो.

लाल रेघ ही यंत्राच्या अज्ञानाची खूण आहे, लेखकाच्या चुकीची नव्हे. हे जर तरुण लेखकाला कोणी सांगितले नाही, तर तो हळूहळू रेघ नसलेले शब्दच वापरू लागतो आणि त्याच्या कादंबरीतील आजी वर्तमानपत्रासारखी बोलू लागते. बहिणाबाईंचे शब्द उतरवून घेणाऱ्यांनी ते पुस्तकी वळणाचे करून टाकले असते, तर आपल्या हाती काय उरले असते, याचा विचार करावा.

उपाय सोपा आहे. लाल रेघ आलेला बोलीशब्द ‘शब्दकोशात समाविष्ट करा’ या आज्ञेने आपल्या वैयक्तिक कोशात घालावा. यंत्र तो शब्द शिकते. कादंबरी पूर्ण होईपर्यंत लेखकाच्या संगणकात त्याच्या बोलीतील शेकडो शब्दांची यादी आपोआप तयार होते. तिला अर्थ जोडले की ती त्या बोलीच्या शब्दकोशाची पहिली वही ठरते. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांसह अशा याद्या एकत्र केल्या, तर एखाद्या कादंबरीपेक्षाही मोठे काम उभे राहील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या भाषेचे पोषण ज्या बोलींवर होते, त्यांची नोंद गावांतूनच व्हावयास हवी.

आपण काय करू शकतो

उपस्थितांपैकी सर्वच कादंबरी लिहिणार नाहीत. तरीही हा प्रश्न आपणा सर्वांचा आहे. लेखकाच्या हस्तलिखिताला जो नियम, तोच ग्रामसभेच्या इतिवृत्ताला आणि शाळेच्या नोंदींना लागू आहे. जुन्या अक्षरसंचात टंकलेला ठराव उद्या वाचता आला नाही, तर गावाचे नुकसान होते.

म्हणून तीन सूचना करतो. पहिली पंचायत सदस्यांना : १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणारी वाचनालये अनेक गावांत आहेत, आपल्या वाचनालयात एक संगणक लेखनासाठी राखून ठेवावा, त्यावर इन्स्क्रिप्ट आणि एक विनामूल्य आज्ञावली असावी, आणि सायंकाळी तो कोणालाही वापरता यावा. मोठ्या खर्चाची ही योजना नाही. जुना, दुरुस्त केलेला संगणकही चालेल. दुसरी शिक्षकांना : वर्णमाला शिकविताना तीच वर्णमाला कळफलकावर कशी मांडली आहे, हेही मुलांना दाखवावे. तिसरी अधिकाऱ्यांना : आपल्या कार्यालयातील प्रत्येक नवा मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि जुन्या अक्षरसंचांतील महत्त्वाची कागदपत्रे त्या अक्षरसंचांची माहिती असलेली माणसे कार्यालयात आहेत तोवर रूपांतरित करून घ्यावीत.

नवोदित लेखकांना हेही सांगावेसे वाटते की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देण्याची योजना राबविते. हस्तलिखित स्वच्छ, युनिकोडमध्ये आणि एकसारख्या शुद्धलेखनात तयार असेल, तर मंडळाकडे, प्रकाशकाकडे वा मुद्रकाकडे ते विनासायास जाऊ शकते.

सोपे साधन शोधणाऱ्या तरुणाला माझे उत्तर थोडक्यात असे आहे. ज्यात तुझे अक्षर अक्षरच राहते, जे एकदा शिकले की जन्मभर पुरते, ज्यातले लिखाण दुसऱ्याच्या यंत्रावर जसेच्या तसे उघडते आणि जे तुझ्या आजीची बोली बदलत नाही, ते साधन सोपे. असे साधन विनामूल्य मिळते. राहिले ते लिहिण्याचे काम, आणि ते मात्र साने गुरुजींच्या वेळी होते तेवढेच कठीण आज आहे. त्या कामासाठी जागा, वीज आणि थोडी शांतता गावाने पुरविली, तरी पुष्कळ झाले.